एका मिनिटाचं बोट

"दिगू! रातची गोळी जेवल्यावर घेजो! उपाशी पोटी घेतली का गॅस होते तुले!"

आमगाव स्टेशनच्या फलाटावर उभं राहून माझे बाबूजी ओरडत होते आणि इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत सगळ्या प्रवाशांना माझ्या पोटाची हालहवाल कळत होती. दरेकशाच्या जंगलातल्या अस्वलांनाही त्या दिवशी समजलं असेल की आमगाव तालुक्यातल्या एका इंजिनिअरला गॅस होतो.

"आन् डबा आडवा नको ठेवजो! लोणच्याचं तेल कंप्युटरात जाईन!"

मी गोंदियाच्या पॅसेंजरच्या दारात. कानात इअरफोन, मीटिंग चालू. आजूबाजूची माणसं हसत होती. एका बाईने तर माझ्या हातातला डबा स्वतः उभा करून दिला. मी बाबूजींकडे बघितलं आणि उजव्या हाताचं एक बोट वर केलं. म्हणजे, एक मिनिट.

बाबूजी लगेच हात मागे बांधून माझं मिनिट संपायची वाट बघत उभे राहिले. आमगावला पॅसेंजर थांबते दोन मिनिटं. त्यातलं एक मी कंपनीला दिलं होतं आणि दुसरं बाबूजींकडून मागून घेतलं. गाडी हलली तेव्हाही ते तसेच उभे होते आणि माझं बोट तसंच वर होतं.

ही मागच्या वर्षीची गोष्ट. एक सांगून ठेवतो, बाबूजी ओरडणारे नव्हते. चौकात उभे राहून ते बोलले तर चौकातल्यालाही पुढे सरकून ऐकावं लागायचं. त्यांना आता डाव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून स्वतःच्या आवाजाचा अंदाज राहत नाही. तो कान कसा गेला, ते लिहायला मी बसलो आहे. तुम्ही जे गावातच राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे पुण्या-बंगलोरला, दुबईला गेलात, दोघांसाठीही. मला वाढवून सांगायची खोड आहे, हे गाववाल्यांना ठाऊक आहेच. पण या गोष्टीत एक जागा अशी येईल की तिथे मी तीळभरही वाढवणार नाही. ती तुम्हाला आपोआप ओळखू येईल.

चौदा वर्षांपूर्वी याच फलाटावरून मी पहिल्यांदा गेलो. पुण्यात मी सांगतो की मला पोचवायला बारा बैलबंड्या निघाल्या, पुढे बँड होता आणि स्टेशनमास्तरने माझ्यासाठी गाडी अर्धा तास रोखून धरली. खरं एवढंच की एक मोटरसायकल होती. तिच्यावर बाबूजी, मागे मी, आणि मध्ये चिन्नोर तांदळाची गोणी. माय दारातच राहिली, कारण तिची जागा गोणीला गेली होती. जाताना ती म्हणाली, "भात तिकडचा नको खाजो, तो भात नाही, ते रबर आहे." ती पुण्याला कधीच गेलेली नव्हती, पण खोटं बोलली असं मला आजतागायत वाटलेलं नाही.

इतरांचे बाप निघताना काय काय सांगतात. इमानदारीने राह्य, पैसे जपून खर्च कर, वाईट संगत धरू नको. माझ्या बापाने गाडी दिसायला लागल्यावर एकच सांगितलं, "पहिल्याच दिवशी इचारून घेजो, काम कवा सुटते ते."

मला हसू आलं. लागण्याआधीच सुटायचं कसं विचारायचं? मी गाडीत बसलो आणि नागपूर यायच्या आत ते वाक्य विसरलो.

बाबूजी असं का म्हणाले, ते कळायला आमचा तलाव माहीत पाहिजे. इटियाडोह धरणाचं पाणी ज्यांच्या बांधापाशी येतं ते नशीबवान. आमच्यापर्यंत कोणताच कालवा येत नाही. आमच्याकडे तलाव आहे, आमच्याच वाडवडिलांनी बांधलेला. ऑफिसात मी सांगतो की माझ्या खापरपणज्याने तो एकट्याने, एका उन्हाळ्यात, डाव्या हाताने खोदला आणि त्याची पार इतकी उंच आहे की वर चढलं की अर्धा छत्तीसगड दिसतो. पार म्हणजे तलावाचा बांध. वर चढलं की पलीकडच्या गावाची टाकी दिसते, तीही हवा स्वच्छ असली तर.

या तलावाला तुडूम आहे. पारीच्या पोटात दगडी नळी, तिला पायरीपायरीने भोकं आणि प्रत्येक भोकात लाकडी बूच. धानाला पाणी पाहिजे तेव्हा कोणीतरी खाली बुडी मारून ते बूच उपसायचं, मग पाणी नळीतून शेतांकडे धावतं. मध्ये कधीतरी लोखंडी चाकाचं दार बसलं होतं. ते दोन पावसाळ्यांत गंजून अडकलं आणि गाव पुन्हा आमच्या घराकडे बघायला लागलं, कारण बूच काढायचं काम पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराचं. आजोबांनी केलं, बाबूजींनी केलं आणि बारा वर्षांचा असताना बाबूजींनी मलाही शिकवलं. नाक धरायचं नाही, डोळे मिटायचे नाहीत, बूच ओढायचं नाही तर आधी फिरवायचं.

पाणी सोडायच्या दिवशी आमच्या घरी चूल पेटत नाही. पाणी सगळ्यांत शेवटच्या बांधीत पोचलं, असा निरोप आला की माय चूल पेटवते. बांधी म्हणजे आमच्याकडचं बांध घातलेलं धानाचं शेत. निरोप येईपर्यंत बाबूजी पारीवर बसलेले. तो आला की उठायचे, गमछा झटकायचे, म्हणायचे, "सुटलं काम." घरी येऊन जेवायचे आणि झोपायचे. त्यांच्या डोक्यात काम म्हणजे असं, ज्याला शेवटची बांधी असते.

आणि माझं काम? आता लाज सोडून सांगतो. गावात मी काय सांगितलं होतं? "विदेशातल्या अन्नपुरवठ्याचं काम आहे. मी दोन तास झोपलो तर तिकडे तीन देशांत उपासमार होते." पाणी वाटपाचं बघणारे आमचे खुशालकाका चकित होऊन म्हणाले होते, "अन् तिकडे धान पिकत नाही काय गा?" मी गंभीर चेहरा करून नाही म्हटलं. खरं असं की माझी कंपनी परदेशातल्या एका दुकानासाठी सॉफ्टवेअर सांभाळते आणि ते दुकान कुत्र्या-मांजरांचं खाणं विकतं. मांजराचं खाणं वेळेवर पोचलं नाही तर माझा फोन वाजतो. अन्नपुरवठा हा शब्द खोटा नव्हता. जेवणारा कोण, एवढंच मी सांगितलं नव्हतं.

रविवारी बाबूजींचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, "सुटलं काय काम?"

"नाही ना बाबूजी. इथे काम सुटत नसते. कंपनी चोवीस तास चालते."

"मंग ते जेवते कवा?"

"कोण?"

"कंपनी."

मी हसायचो. मग दुसरा फोन यायचा आणि मी म्हणायचो, एक मिनिट बाबूजी. ते एक मिनिट पुढच्या रविवारी संपायचं.

हे एक मिनिटाचं बोट मला कधी फुटलं, आठवत नाही. माझी बायको सुनीता सांगते की लग्नात तिला हार घालतानाही मी बोट वर केलं होतं. ती पण गोंदियाचीच, वाढवून सांगणार. हार घालताना नव्हे. सप्तपदीच्या पाचव्या पावलाला. मुलगी झाली तेव्हा नर्सने तिला बाहेर आणून माझ्यासमोर धरलं आणि मी नर्सला बोट दाखवलं. हे मात्र सुनीताने सांगितलेलं नाही, कारण ती आत होती. हे मला आणि त्या नर्सलाच माहीत आहे.

गावात जसं मी ऑफिस वाढवून सांगायचो, तसं ऑफिसात गाव. कँटीनमध्ये माझ्याभोवती घोळका जमायचा. "दरवर्षी मी जातो," मी सांगायचो, "तीस फूट खाली बुडी मारतो. बुचापाशी वासराएवढी मरळ पहारा देत असते. तिला नमस्कार केला तरच बाजूला होते. मी बूच काढतो आणि शंभर घरांच्या धानाला पाणी मिळतं." लोक तोंड उघडं ठेवून ऐकायचे. पाणी होतं दोन पुरुष खोल. घरं सत्तरेक. आणि पुण्याला आल्यापासून मी पाणी सोडायच्या दिवशी एकदाही गेलो नव्हतो. दोन्हीकडे मी थोर होतो आणि दोन्हीकडे गैरहजर.

मग मागच्या वर्षी भादवा सरताना मायचा फोन आला. ती फोनवर थोडं बोलते, त्या दिवशी त्याहून थोडं बोलली.

"तुया बाबूजीचा कान वाहून राहिला. गोंदियाच्या डॉक्टरनं सांगितलं, पडदा पातळ झाला. पाण्याखाली जाचं नाही. गेले तं कान गेला."

"मग यंदा बूच कोण काढणार?"

"तेच तुले सांगून राहिली ना बापा."

मी लगेच शब्द दिला. त्या वर्षी पावसाने दडी मारली होती आणि दाणा भरायच्या वेळेला धान तहानलं होतं, म्हणजे पाणी सोडायचा दिवस टळणार नव्हता. सुट्टी मागितली, मिळाली. इथपर्यंत मी चांगला मुलगा होतो. तुम्ही इथेच वाचायचं थांबवलंत तर माझी हरकत नाही.

आमच्या ऑफिसात दर तीन महिन्यांनी एक सत्र असतं. सगळे आपापल्या ठिकाणाहून पडद्यावर जमतात आणि कोणीतरी काही शिकवतं. त्या खेपेचा विषय होता काम आणि घर यांचा समतोल. वर्क-लाइफ बॅलन्स. ते बघणाऱ्या श्वेता मॅडम मला म्हणाल्या, "आप तो छुट्टी पे हैं, नहीं तो आपसे ही बुलवाते. आप तो बॅलन्स की मिसाल हैं."

त्या मला बोलायला सांगत नव्हत्या. मीच म्हटलं, "मॅडम, मी गावाहून बोलतो. तलावावरून. बोलणं संपवतो आणि तुमच्यासमोर, लाइव्ह, बुडी मारतो." त्या खूश झाल्या. वेळ ठरली शुक्रवारी सकाळी पावणेदहा, कारण पाणी सोडायचं होतं दहाला. म्हणजे हा अपघात नव्हता. तो कार्यक्रम मीच जुळवून आणला होता.

शुक्रवारी सकाळी पारीवर पंधरावीस माणसं जमली. आमच्या गावात रेंज एकाच जागी मिळते, पारीवरच्या मोहाच्या झाडाखाली. खुशालकाकांच्या सायकलच्या कॅरियरवर मी लॅपटॉप ठेवला. मागे अख्खा तलाव, कमळं, बगळे. असा देखावा की कंपनीने पैसे देऊनही उभा केला नसता. मी लुंगीवर, अंगात ऑफिसचा शर्ट. बाबूजी तुडुमाजवळच्या दगडावर बसले होते, माझ्यापासून दहा पावलांवर. खांद्यावर गमछा, कानात कापूस.

मी बोलायला लागलो आणि बोलायला लागलो की मी मी राहत नाही. काम म्हणजे काय, माती म्हणजे काय, मुळं म्हणजे काय. "मी लॅपटॉप बंद करू शकतो, कारण माझ्या बापाने मला बूच लावायला शिकवलं," असं एक वाक्य मी बोललो. वाक्य चांगलं आहे. पडद्यावर लाल बदामांचा पाऊस पडला.

दहा वाजले. खुशालकाका जवळ आले. मी बोट वर केलं.

आमच्याकडे पाण्याच्या पाळीचं घड्याळ दहाला सुरू होतं आणि संध्याकाळी पाचला बूच परत लागतं. मधला वेळ घरवार वाटलेला. सुरुवातीला उशीर झाला तर तो कुणाच्या वाट्यातून कापत नाहीत, नुसता पुढे सरकत जातो आणि शेवटच्या बांधीवर येऊन पडतो. शेवटची बांधी होती पार्वताबाईची. एकटी बाई, दीड एकर धान. ती सकाळपासून पारीवर येऊन बसली होती.

सव्वादहा. प्रश्नोत्तरं सुरू झाली. "बाबूसाहेबाचं झालं काय गा?" पार्वताबाई मोठ्याने म्हणाली. मी तिच्याकडे न बघता बोट वर केलं.

"बोटानं धान पिकते काय?" ती म्हणाली. माणसं हसली. बाबूजी हसले नाहीत. ते माझ्या बोटाकडे बघत होते.

दहा पंचवीस. एकाने विचारलं, गावाकडून काम करताना अडचणी येतात का? मी सांगायला लागलो. मागे बाबूजी उठले. कानातला कापूस काढून दगडावर ठेवला, वर गमछा ठेवला आणि पाण्यात उतरले. गुडघा, कंबर, छाती. मला पडद्याच्या कोपऱ्यात दिसत होतं. मी सगळं बघत होतो आणि बोलत होतो.

ही ती जागा.

पडद्यावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, पीछे वो अंकल कौन हैं? पानी में जा रहे हैं."

मी नुकतंच सगळ्यांना सांगितलं होतं की बुडी मी मारतो. दरवर्षी. बाबूजी आता गळ्यापर्यंत पाण्यात होते आणि तलावावर इतकी शांतता होती की बगळा उडाला तरी ऐकू यावा. मी म्हणालो, "वो? वो हमारे यहाँ काम करते हैं. मेरे पहले पानी देख लेते हैं."

बाबूजींनी एकदा मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग खाली गेले.

पहिल्यांदा वर आले ते नुसता श्वास घेऊन परत गेले. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा वर आले आणि पारीच्या पलीकडच्या तोंडातून पाणी सुटल्याचा आवाज आला. माणसं तिकडे धावली. पार्वताबाई तिच्या वयाला न शोभेल अशी पळाली. पडद्यावर सगळे टाळ्या वाजवत होते. मी थँक्यू म्हणत होतो. माझ्यामागे बाबूजी दगडावर बसून डाव्या कानावर तळहात आपटत होते. मग उठून एका पायावर उड्या मारल्या, कानातलं पाणी काढायला लहान मुलं मारतात तशा. श्वेता मॅडम म्हणाल्या, "सो ऑथेंटिक."

मी लॅपटॉप मिटला तेव्हा बाबूजींनी विचारलं, "झालं काय तुयं?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता पारीवर जाऊन बसले, शेवटच्या बांधीचा निरोप यायचा होता म्हणून.

मी घरी गेलो. चूल थंड. माय दारात तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर करून बघितलं. माझ्या चेहऱ्याकडे नाही, माझ्या डोक्याकडे.

"तुये केस तं कोरडेच आहेत," ती म्हणाली आणि परत सुपात बघायला लागली.

त्या दिवशी पार्वताबाईच्या बांधीच्या शेवटच्या कोपऱ्याला पाणी पोचायच्या आधी पाच वाजले. कोपरा हाताने भिजवावा लागला. बादल्यांनी. बाबूजींनीही वाहिल्या. आमची चूल सात वाजता पेटली. मी काय केलं? मीही दोन बादल्या वाहिल्या. गावात आता सांगतो की पन्नास.

दोन दिवसांनी बाबूजींना ताप चढला. उशीवर पिवळा डाग आला. गोंदियाच्या डॉक्टरने बॅटरी लावून बघितलं आणि मला विचारलं, "पाण्यात कशाला जाऊ दिलं?" कान साफ करून, औषधं देऊन दहा दिवसांनी त्यांनी सांगितलं की उजवा ठीक आहे, डाव्याची आशा धरू नका. मी तेव्हाही तिथे होतो, कारण रजा वाढवली होती. ऑफिसात कारण दिलं, वडिलांची तब्येत. श्वेता मॅडमनी लिहिलं, फॅमिली फर्स्ट. पुढे लाल बदाम.

आणि त्यानंतर तीन दिवसांनी आमगाव स्टेशन. गोळी जेवल्यावर घेजो. डबा आडवा नको ठेवजो. आणि माझं बोट.

तुम्ही म्हणाल, इतकं झाल्यावरही? मीही गोंदिया येईपर्यंत हेच विचारत होतो. मीटिंग कधीच संपली होती. समोरच्या बाकावरची, डबा उभा करून देणारी ती बाई म्हणाली, "वडील होते काय तुमचे?" मी हो म्हटलं. हा एवढा एक शब्द बोलायला मला पंधरा दिवस उशीर झाला होता आणि बोललो तेही भलत्याच माणसाजवळ.

पुण्याला पोचल्यावर सोमवारी मी साहेबाला विचारलं, काम कधी सुटतं? तेरा वर्षांनी. त्यांना वाटलं, दुसरी नोकरी बघतोय. म्हणाले, "तसं काही नाही, फ्लेक्सिबल आहे." म्हटलं, फ्लेक्सिबल नको, किती वाजता ते सांगा. शेवटी मीच सांगितलं, सात. हळूहळू टीम लीडची खुर्ची दुसऱ्याला गेली. मांजरं अजून जिवंत आहेत, मी चौकशी केली. सात वाजता लॅपटॉप तांदळाच्या डब्यात जातो, चिन्नोरवर. सुनीताला वाटलं होतं चार दिवसांचं नाटक आहे. आता ती भात लावायला डबा उघडते तेव्हा लॅपटॉप बाजूला काढून ठेवते, जशी माय सुपातला खडा काढते. सगळं सुधारलं असं नाही. बोट अजून वर जातं. ते मला खिशात घालावं लागतं.

फोन आता मी करतो, रोज, सव्वासातला. माय उचलते आणि म्हणते, "थांब, कान बदलून राहिले."

यंदा पाणी सोडायला मी गेलो. सुनीता आणि मुलगीही होत्या. मोबाईल घरी, मायच्या पिठाच्या डब्यात. दहाला दहा मिनिटं कमी असताना मी पाण्यात होतो. वाढवून सांगायची फार इच्छा आहे, पण नाही. पहिल्या बुडीत मला तुडूमच सापडलं नाही. दुसऱ्यात सापडलं आणि मी बूच ओढलं, फिरवलं नाही. नाकातोंडात पाणी गेलं, वर येऊन म्हशीसारखा फुरफुरलो. पार्वताबाई वरून म्हणाली, "याच्यापरीस बोटच बरं होतं." तिसऱ्यांदा फिरवलं. बूच सुटल्यावर पाणी हाताला असं ओढतं की वाटतं, कोणीतरी आतून धरलं आहे. मरळ भेटली नाही.

मग मी आणि बाबूजी पारीवर बसलो. घरी चूल बंद, पाणी वाटेवर. मी मुद्दाम त्यांच्या डाव्या बाजूला बसलो. तलावाकडे बघत, हळू आवाजात, मी सगळं बोलून टाकलं. लाइव्ह दाखवायचं मीच ठरवलं होतं, ते. नर्सचं. मांजरांच्या खाण्याचं. आणि त्या मुलीने तुम्ही कोण असं विचारलं तेव्हा मी काय म्हणालो, तेही. माफी मागितली. बाबूजी पाण्याकडे बघत सुपारी चघळत होते. त्यांना काही ऐकू आलं नाही आणि ते येऊ नये म्हणूनच मी त्या बाजूला बसलो होतो.

परगावी गेलेल्यांना विचारतात, आता तुझं घर कोणतं? या प्रश्नावर मी पूर्वी अर्धा तास बोलायचो. माती, मुळं, लाल बदाम. आता मला एवढंच सांगता येतं की घर म्हणजे जिथे कोणत्या बाजूला बसायचं ते आपल्याला ठाऊक असतं, आणि आपण दुसऱ्या बाजूला बसलो तर तेही ठाऊक असतं.

मी उठलो आणि त्यांच्या उजवीकडे जाऊन बसलो.

"बाबूजी, मागल्या साली, तुमी पाण्यात होता तवा, मी कंप्युटरवाल्या लोकांले तुमच्याबद्दल काय सांगितलं, ते आयकू आलं होतं काय तुमाले?"

बाबूजींनी सुपारी थुंकली. दूर पार्वताबाईच्या बांधीकडे बघितलं, पाणी पोचलं का ते.

"आयकलो ना," ते म्हणाले. "तवा दोनी कान चांगले होते."